बासन

बासन म्हणजे हस्तलिखित पोथी गुंडाळून बांधण्याचे चौकोनी कापड. ते सुती किंवा रेशमी असे, रंगाने बहुधा तांबडे किंवा शेंदरी, आणि त्याच्या एका टोकाला लांब नाडी शिवलेली असे. आज हा शब्द मुख्यतः ‘बासनात गुंडाळणे’ या वाक्प्रचारापुरता उरला आहे. एखादा अहवाल बासनात गेला की तो आता कोणी उघडणार नाही असे आपण समजतो. पोथी मात्र बासनात जाई ती दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडण्यासाठी.

पोथीची पाने सुटी व आडवी असतात. ती शिवलेली नसल्याने पानांचा क्रम, त्यांचा सपाटपणा आणि त्यांची सुरक्षितता हे सगळे बांधणीवरच अवलंबून असते. पानांच्या गठ्ठ्याला खालून-वरून पानांहून किंचित मोठी लाकडी फळी लावतात, त्यावर बासनाचे पदर दुमडून घेतात आणि नाडीचे वेढे देऊन टोक आत खोचतात. गाठ शक्यतो मारत नाहीत, कारण ती सोडताना हिसका बसतो. बांधणी घट्ट असली की पावसाळ्यात कागद फुगून वाकत नाही आणि पानांच्या मधे हवा, धूळ, किडे शिरायला फट राहत नाही. ती सैल झाली की आधी पाने सरकतात, मग कडा झिजतात, आणि एखाद्या दिवशी गठ्ठा हातातून सुटला की क्रम लावत बसावे लागते. पानाच्या समासात ग्रंथाचे संक्षिप्त नाव व पत्रांक लिहिण्याची पद्धत यासाठीच उपयोगी पडते.

लेखनिक ग्रंथ संपवताना शेवटी काही ठरीव श्लोक लिहीत. त्यांतला पोथीच्या तोंडी घातलेला श्लोक असा :

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पुस्तक म्हणते. यातला प्रत्येक शब्द अनुभवातून आलेला आहे. काजळ आणि डिंक यांची शाई उन्हाने सहसा फिकी पडत नाही, पण पाण्याने फुटते, आणि ओल लागली तर डिंकामुळे पानाला पान चिकटते. तेलाचा डाग पडला की कागद पारदर्शक होतो, मागच्या बाजूची अक्षरे पुढे दिसू लागतात आणि दोन्ही बाजू वाचेनाशा होतात. गंमत अशी की हे तेल बहुतेक वेळा भक्तीतून येई. पोथी वाचायची ती समईच्या उजेडात. वाचून झाल्यावर तिला गंध, हळदकुंकू आणि फूल वाहायचे. ओलसर फुलांचे तपकिरी ठसे जुन्या पोथ्यांच्या पहिल्या-शेवटच्या पानांवर आढळतात. ठवणीवर, म्हणजे पोथी ठेवायच्या लाकडी घडवंचीवर ठेवलेली, पाय लागला तर कपाळाला हात लावून नमस्कार केलेली पोथी तिच्या पूजेनेच झिजावी, हे जरा कोड्यात टाकणारे आहे.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकातील पहिल्या समासात लेखनक्रिया सांगितली आहे. अक्षर कसे घोटीव असावे, ओळीत ओळ कशी शिरू नये इथपासून सुरू झालेले हे निरूपण बोरूची निवड सांगत गोप (बांधायच्या दोऱ्या), बासने, शेंदरी मेणकापडे, पेट्या आणि कुलपे यांपर्यंत येते. सतराव्या शतकात पोथी राखण्यासाठी काय काय लागे याची इतकी नेटकी यादी दुसरीकडे क्वचितच मिळेल. स्वतः समर्थांच्या हातचे वाल्मीकिरामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेले आहे.

किडीचा बंदोबस्त वेगळा. वाळवी बोगदे पाडते. कसर मात्र पानाचा पृष्ठभाग खरवडून खाते, कारण घोटून गुळगुळीत केलेल्या हातकागदाला खळ लावलेली असे आणि ती तिला आवडते. म्हणून बासनात वेखंडाचा तुकडा किंवा कडुलिंबाची वाळलेली पाने ठेवत, काही ठिकाणी सापाची कातही. चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकून त्यावर नवे लिहीत. हरताळ हा आर्सेनिक आणि गंधक यांचा संयुग असल्याने कीटकांना विषारी असतो. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार लेखनिकाच्या या खाडाखोडीतून आला. तांबड्या रंगाने कीड दूर राहते अशीही समजूत होती. या रंगाचा एक धोका निश्चित : कच्चा रंग ओल लागताच पानांवर उतरतो.

यापेक्षा मोठे औषध म्हणजे पोथी उघडणे. चातुर्मासात रोज वाचली जाणारी पोथी काठाला मळते, पण तिच्यात वाळवीचे घर होत नाही. जैन परंपरेने हे उघडणे सणालाच जोडले. दिगंबरांची श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आणि श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला येते. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होते, ते बाहेर काढून झाडतात, वारा देतात, नव्या वस्त्रात बांधतात. एक तिथी पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरी तो सरल्यावर. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील दिगंबर भांडारे या परंपरेतली आहेत. महाराष्ट्रात अन्यत्र दसऱ्याच्या सरस्वतीपूजनात पुस्तके मांडतात, पण तिथे झाडपूस हा विधीचा भाग राहिलेला नाही.

श्लोकातला ‘मूर्ख’ कोण, हा प्रश्न मात्र अडचणीचा आहे. शास्त्रग्रंथांच्या बाबतीत तो जन्मावरून ठरवला गेला आणि स्त्रिया व शूद्र बाहेर राहिले. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला जुन्या मराठी गद्याचा हा साठा बंदच होता. जपणूक इतकी पक्की की वाचकही बाहेर राहिला! उलट तुकोबांचे अभंग ज्यांच्या वह्यांतून पुढे आले त्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते, व्यवसायाने तेली. ‘तैलाद्रक्षेत्’ म्हणणाऱ्याला हे कसे वाटले असते?

कागदपत्रांसाठी बासनाचा मोठा भाऊ म्हणजे रुमाल. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद अशा रुमालांत बांधलेले असून आजही रुमालांनीच मोजले जातात. शाळेच्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो तो शब्दही याच घरातला.

एकोणिसाव्या शतकात शिळाछापावर पोथ्या निघू लागल्या तरी आडवी सुटी पाने तशीच राहिली, आणि बासनही. हातकागद जाऊन लगद्याचा यंत्रकागद आल्यावर परिस्थिती पालटली. तीनशे वर्षांपूर्वीचे दौलताबादी हातकागदाचे पान बोटांत लवचीक लागते आणि १९४०च्या सुमाराचे छापील पान दुमडताच तुटते, कारण त्यातले आम्ल आतूनच कागद खाते. त्यावर बासनाचा इलाज चालत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (स्थापना १९१७) यासारख्या संस्थांत आता निराम्ल पेट्या, पातळ जपानी कागदाची ठिगळे आणि डिजिटल प्रती यांची जोड मिळाली आहे. बासन तरीही गेलेले नाही. त्यासाठी कोरा मांजरपाट आणतात आणि वापरण्याआधी दोन-तीनदा धुतात, त्यातली खळ निघून जाण्यासाठी.