ॲल्युमिनियम रंग कसे धरू लागले

लॅपटॉपचे झाकण, प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा काळा हीटसिंक, मेमरी मॉड्यूलवरची लालभडक पट्टी. यांचा रंग नखाने खरवडून निघत नाही, त्याचे पोपडेही सुटत नाहीत. स्क्रूड्रायव्हर निसटून जोरात ओरखडा उठला, तरच खाली चांदीसारखी रेघ चमकते. दहा-वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थरात हा रंग मुरलेला असतो. तो थर घडवण्याची प्रक्रिया म्हणजे ॲनोडायझिंग, आणि तिची सुरुवात खाऱ्या पाण्यापासून झाली.

ड्युरॅल्युमिन हा तांबे मिसळलेला मिश्रधातू हलका आणि बळकट, म्हणून विमानांसाठी उत्तम; पण समुद्राचे पाणी त्याला कुरतडून टाकी. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे हे जुने दुखणे होते. हवेमुळे ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचे कवच आपोआप येते खरे, पण ते जेमतेम दोन-चार नॅनोमीटरचे. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगॉफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक ॲसिडमध्ये विजेच्या साहाय्याने तेच कवच कितीतरी जाड केले. सुटा भाग धन टोकाला, म्हणजे ॲनोडला, जोडायचा. नाव त्यावरूनच पडले.

क्रोमिक ॲसिडचा थर पातळ, करडा आणि अपारदर्शक होता. रंगाची वाट मोकळी केली ती गॉवर आणि ओ'ब्रायन यांच्या १९२७ च्या सल्फ्युरिक ॲसिडच्या पेटंटने. हा थर जाड, स्वच्छ आणि रंग पिणारा निघाला. तो रंग का पितो, हे मात्र खूप उशिरा डोळ्यांना दिसले. १९५३ मध्ये अल्कोआ या अमेरिकन ॲल्युमिनियम कंपनीच्या केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले, तर मधाच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी घरे आणि प्रत्येकाच्या मध्यभागी एक उभे, अतिसूक्ष्म छिद्र! ॲसिड एकीकडे थर विरघळवत असते आणि वीज तो वाढवत असते. या ओढाताणीतून ही छिद्रे घडतात. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. ही ओढाताण सांभाळण्यासाठीच ॲसिडची टाकी साधारण २० अंश सेल्सिअसवर थंड ठेवावी लागते; ती तापली की थर मऊ, भुकटीसारखा होतो.

टाकीतून निघालेला भाग रुपेरीच असतो. त्याला आता हात लावायचा नाही, नाहीतर बोटाचा ठसा रंगात कायमचा उमटतो. कोमट रंगात बुडवल्यावर काही मिनिटांत छिद्रे भरतात, मग उकळत्या पाण्यात ऑक्साइड फुगून त्यांची तोंडे मिटतात. पांढरा रंग असा चढत नाही, कारण पांढऱ्या रंगद्रव्याचे कण छिद्रांपेक्षा मोठे असतात.

हे सेंद्रिय रंग उन्हात विटतात. इमारतींसाठी म्हणून छिद्रांच्या तळाशी कथिलासारखे धातू बसवण्याची रीत आली; जपानच्या असादा यांनी ती १९६० च्या दशकात रुळवली. संगणक छपराखाली राहतो, त्यामुळे त्याला भडक रंग परवडले. २००४ चा आयपॉड मिनी पाच रंगांत आला, तोही ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचाच.

काळ्या रंगामुळे हीटसिंक जास्त उष्णता बाहेर टाकतो, असा एक गैरसमज आहे. उष्णता जास्त उत्सर्जित होते ती ऑक्साइडच्या थरामुळे. बिनरंगी थरही जवळजवळ तेवढेच काम करतो, आणि पंखा असला तर फरक नगण्यच. हाच थर वीजरोधकही असतो, म्हणून कॅबिनेटमध्ये अर्थिंगचा स्क्रू बसतो तिथे तो खरवडून उघडा धातू काढावा लागतो.