एमजीबीचा मॅनिफोल्ड काढायला इंजिन उतरवावं लागतं?

नाही. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारबद्दल हा समज फार जुना आहे. 'इंजिन नाही, तर निदान हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तरी काढावंच लागतं,' असं छातीठोक सांगणारेही भेटतात. दोन्हीची गरज नाही.

गैरसमजाचं मूळ रचनेत आहे. १७९८ सीसीच्या या इंजिनात हवा-पेट्रोल आत नेणारा आणि धूर बाहेर टाकणारा, असे दोन्ही मॅनिफोल्ड, म्हणजे फाटे फुटलेल्या नळ्या, डाव्याच बाजूला, एकाच गॅस्केटवर (फट बुजवणाऱ्या पातळ पट्टीवर) बसतात. मधले जाड वॉशर एकाच वेळी दोघांच्या कडा दाबून धरतात. त्यामुळे धूर टाकणारा, म्हणजे एक्झॉस्ट, एकटा सुटत नाही. आधी हवा-पेट्रोल मिसळणारे कार्ब्युरेटर उतरवायचे, मग खालच्या पाइपचे नट, मग हेडवरचे. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत त्याच बाजूने स्टिअरिंगचा दांडा जातो, हात जेमतेम शिरतो. बहुतेक गाड्या अमेरिकेत खपल्या, म्हणजे तक्रारीही तिथल्याच जास्त असणार!

खरा छळ पाइपच्या गंजलेल्या नटांचा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडावं, जोर लावू नये. नटाबरोबर अख्खा स्टडच (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा खिळा) फिरून बाहेर आला तरी घाबरू नका, नवा बसतो. तुटला तर मात्र ड्रिल आलं.

जोडताना दोन्ही मॅनिफोल्डच्या कडांची जाडी ताडून पाहा. एक पातळ असेल तर वॉशर तिरका बसतो आणि तिथून गळती सुरू होते; नट कितीही आवळला तरी ती थांबत नाही.