लॅक्सटन (नॉटिंगहॅमशायर)

लॅक्सटन हे इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधलं ऑलर्टनजवळचं छोटंसं खेडं. एक चर्च, एक पब, जुन्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा, एवढ्यावर कोणी त्याचं नाव काढलं नसतं, पण मध्ययुगातली खुल्या शेतांची पद्धत इथे आजही चालू आहे आणि तीही म्युझियमसारखी नाही, खरोखरच्या शेतकऱ्यांकडून.

वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी शेतं, आत कुठेच कुंपण नाही, आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या तिन्हींत विखुरलेल्या. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात बार्लीसारखं वसंतातलं पीक, तिसरं पड किंवा चाऱ्याला, मग पुढच्या वर्षी फेरपालट. म्हणजे एकट्याच्या मनात आलं म्हणून काही पेरता येत नाही. 1635 च्या नकाशात अशा दोन हजारांवर पट्ट्या दिसतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या एकत्र करून मोठ्या केल्या. बाकी इंग्लंडमध्ये कायदे करून शेतांना कुंपणं पडली, इथे दोन बडे जमीनदार होते आणि त्यांचं एकमत होईना म्हणून हे राहिलं असं सांगतात.

खरी मजा नोव्हेंबरच्या शेवटाला. गहू पेरून झाला की गावातलेच शेतकरी ज्युरी म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर बसून त्या शेताची पाहणी करतात, हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात आणि कोणी नांगरता नांगरता सामाईक गवतात किंवा वाटेत घुसलंय का ते बघतात. बांध कोरायची सवय तिकडेही आहेच! मग दुपारी डव्हकोट इन या पबमध्ये जेवण. आठवड्याभराने तिथेच 'कोर्ट लीट' म्हणजे मध्ययुगापासून चालत आलेलं गावचं न्यायालय भरतं, घुसखोराला दंड होतो, पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते, आणि जो हजर नाही त्यालाही दंड, अगदी काही पेनी. रक्कम बघून हसू येईल, पण अख्ख्या गावासमोर नाव वाचलं जातं, ते जास्त लागतं.

या जमिनीची मालकी मात्र बदलत गेली. 1952 मध्ये मॅनव्हर्स या जमीनदार घराण्याकडून सरकारच्या शेती खात्याकडे, 1981 मध्ये क्राउन इस्टेट या राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून त्याच घराण्याच्या वारसांकडे.

शेतांमधल्या ओलसर सखल भागांना 'साइक' म्हणतात. ते नांगरत नाहीत, त्यामुळे तिथे रानफुलं टिकलीत आणि तिथलं गवत दरवर्षी विकलं जातं.