नाशिकचे उपकेंद्र आणि 1990 चा निर्णय

दिंडोरी तालुक्यातील शिवनई येथील पुणे विद्यापीठाच्या उपकेंद्राची चर्चा सुरू झाली की नाशिकसाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणीही पुढे येते. बाहेरच्या माणसाला ही मागणी चमत्कारिक वाटू शकते, कारण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्येच आहे. परंतु या दोहोंचे कार्यक्षेत्र सबंध राज्य असून जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांची संलग्नता पुण्याकडे आहे. त्यामुळे येथील विद्यार्थी नुसते ‘विद्यापीठ’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात पुणेच असते.

शहरातील पहिले महाविद्यालय 1924 मध्ये सुरू झाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. पुण्यात विद्यापीठ स्थापन झाल्यावर जिल्हा तिकडे गेला. 1962 मध्ये कोल्हापूरला विद्यापीठ झाले आणि पुण्याकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे व जळगाव हे पाच जिल्हे उरले.

आजच्या वादाचे मूळ 1990 मध्ये आहे. त्या वर्षी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्रासाठी विद्यापीठ स्थापन करण्यात आले आणि धुळे व जळगाव हे जिल्हे पुण्यापासून वेगळे झाले. नाशिक मात्र पुण्याकडेच राहिले. महसुली विभागाचे मुख्यालय नाशिकला, दहावी-बारावीचे विभागीय मंडळही नाशिकला, आणि त्या मंडळात धुळे, जळगाव व पुढे नंदुरबारही. म्हणजे जळगावच्या मुलांबरोबर एकाच मंडळाची बारावीची परीक्षा दिलेला नाशिकचा मुलगा पदवीला गेला की त्याचे विद्यापीठ बदलते. शासनाच्या इतर व्यवहारांत उत्तर महाराष्ट्राचे केंद्र मानले गेलेले शहर त्याच नावाच्या विद्यापीठाच्या कक्षेबाहेर राहिले, ही विसंगती आजवर दूर झालेली नाही.

या निर्णयाच्या बाजूने सांगण्यासारखे काहीच नाही असे नव्हे. नाशिक शहरातून पुणे साधारण 210 किलोमीटरवर आहे आणि जळगाव त्याहून दूर पडते. शिवाय पुण्याच्या पदवीचे वजन सोडण्यास अनेक पालकांची आणि संस्थांची तयारी नसते. तथापि हा हिशेब शहराचा आहे. मालेगावहून पाहिले तर पुण्याच्या मानाने जळगाव बरेच जवळ आहे, आणि सुरगाणा किंवा पेठ येथील विद्यार्थ्याला गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करून घेण्यासाठी पुण्याला जायचे म्हणजे किमान दोन दिवस आणि घरच्या मजुरीतून काढलेले गाडीभाडे. संपूर्ण जिल्हा एकच घटक मानल्याने उत्तर आणि पश्चिमेकडील तालुक्यांचा विचार बाजूला पडला, असे माझे मत आहे.

पुढे ‘उपकेंद्र’ हा शब्द आला आणि गुंता वाढला. अनेक नाशिककरांनी त्याचा अर्थ निम्मे विद्यापीठ असा घेतला. प्रत्यक्षात उपकेंद्र म्हणजे मूळ विद्यापीठाचाच एक भाग. त्याला महाविद्यालयांना संलग्नता देता येत नाही आणि पदवीही मूळ विद्यापीठाच्याच नावाने मिळते. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात उपपरिसराची (सब-कॅम्पसची) तरतूद आहे आणि त्याच्या संचालकाला विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांत स्थान दिलेले आहे. बोलण्यात उपकेंद्र आणि उपपरिसर हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, आणि कोणी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी केली की त्याला उपकेंद्राचे उत्तर मिळते.

वास्तविक या दोन मागण्या वेगळ्या आहेत. स्वतंत्र विद्यापीठासाठी विधिमंडळाचा निर्णय लागतो आणि त्यात महाविद्यालयांच्या संलग्नतेपासून अधिसभेपर्यंत (सिनेटपर्यंत) सर्व घडी नव्याने बसवावी लागते. पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, स्थलांतर प्रमाणपत्र आणि नावातील दुरुस्ती ही कामे नाशिकमध्येच पूर्ण करण्यासाठी मात्र नवे विद्यापीठ लागत नाही. त्यासाठी पुण्याने आपले काही प्रशासकीय अधिकार आणि त्यांसाठी लागणारा कर्मचारीवर्ग उपकेंद्राकडे सोपवणे पुरेसे आहे. शिवनईच्या इमारतीइतकीच चर्चा या अधिकारांचीही व्हायला हवी होती.