जिभल्या चाटणारा घोडा शरण आलेला नसतो

बुजरा घोडा गोल रिंगणात मोकळा सोडा, मागून हाकत पळवा. तो जिभल्या चाटून तोंड चघळू लागला की त्यानं तुम्हाला कळपाचा म्होरक्या मानलं, असं लिबर्टी ट्रेनिंगबद्दल, म्हणजे दोरी-लगामाशिवाय घोडा शिकवण्याबद्दल, वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अमेरिकी घोडेप्रशिक्षक मॉन्टी रॉबर्ट्स यांच्या ‘जॉइन-अप’ या तंत्रामुळे ही रिंगणातली पद्धत जगभर पोचली आणि तिच्याबरोबर हा समजही.

तो चुकीचा आहे. ताणातून सुटताना घोड्याच्या कोरड्या पडलेल्या तोंडात पुन्हा लाळ सुटते, म्हणून तो चघळतो. म्हणजे त्याआधी तो घाबरलेला होता, एवढंच त्यातून कळतं.

सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 च्या सुमारास माणसाऐवजी रिमोटवर चालणारी छोटी गाडी रिंगणात आणली. घोडा गाडीकडे वळला की ती थांबवायची. घोडे तिच्याकडेही वळायला शिकले! त्या गाडीला ते म्होरक्या मानत नव्हते; वळलं की पाठलाग थांबतो, हे त्यांना उमगलं होतं.

बुजऱ्या जनावराला आणखी पळवून विश्वास कसा मिळेल? त्याला दूर जाण्याची मुभा हवी. समोरून न जाता खांद्याच्या दिशेनं तिरकं जा, मान ताठली की थांबा, कान तुमच्याकडे वळला की एक पाऊल मागे घ्या. तो स्वतः जवळ आला तर आयाळ संपते तिथे हलकेच खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्या स्पर्शानं त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. आज नाही आला, तर उद्या.