शॉक तिरके केले की जीप मऊ चालते?

डोंगरासाठी पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जीपा बांधणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) जितका तिरका, तितकी गाडी मऊ आणि चाकाची हालचाल जास्त. हालचालीचं खरं आहे. तेवढ्याच लांबीच्या शॉकवर चाक जास्त वरखाली होतं. पण मऊपणा कसला? वजन पाटे पेलतात, शॉकचं काम त्यांची उसळी जिरवायचं. तो उभ्यापासून ३० अंश कलला की चाकापाशी त्याचा जोर साधारण ७५ टक्के उरतो, ४५ अंशांवर निम्माच. त्यात ॲक्सल (चाकांना जोडणारा आडवा दांडा) वर येताना कल आणखी वाढतो, म्हणजे ऐन दणक्याला शॉक ढिला! खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते ती यामुळेच. चॅसिसवर उंच ब्रॅकेट वेल्ड करून शॉक शक्यतो २० अंशांच्या आत ठेवावा. बॉनेटखाली जागा काढायची कटकट होते, होऊ दे.