ऑम्नी टीव्ही: टोरंटोच्या बहुभाषिक चॅनेलला पैसे पुरवले कोणी?

टोरंटोत राहणाऱ्या कुणालाही ऑम्नी म्हटलं की पंजाबी बातम्या, कँटोनीज या चिनी भाषेतल्या बातम्या आणि मधेच एखादी जुनी इंग्लिश सिरियल असं काहीतरी आठवतं. दर काही वर्षांनी या चॅनेलवरून वाद होतो. बातम्या बंद केल्या, परत चालू केल्या, केबलच्या बिलात याचे पैसे का लावता वगैरे. हा वाद आजचा नाहीये, त्याची मुळं १९७९ पर्यंत जातात, आणि खरं सांगायचं तर प्रश्न भाषेचा कमी आणि पैशाचा जास्त आहे. ज्या लोकांसाठी चॅनेल आहे त्यांच्याकडून मिळणाऱ्या जाहिरातींवर ते पूर्णपणे कधीच चाललेलं नाही, दर वेळी दुसऱ्याच कुठल्यातरी पैशाने ते जगवलं. तो पैसा कुठून आला आणि कधी आटला एवढं बघितलं तरी बाकीचं बरंच समजतं.

आधी थोडं मागचं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात युरोपातून प्रचंड लोक आले, त्यात इटालियन खूप, आणि त्यातले बरेचसे टोरंटोत. १९६७ मध्ये इमिग्रेशनची पॉइंट सिस्टीम, म्हणजे शिक्षण, कौशल्य वगैरेंवर गुण देऊन माणूस निवडायची पद्धत आली आणि मग आशिया, कॅरिबियन, आफ्रिका इथून येणाऱ्यांचा रस्ता मोकळा झाला. ८ ऑक्टोबर १९७१ ला पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी संसदेत मल्टिकल्चरलिझमचं धोरण जाहीर केलं. भाषा अधिकृत दोनच, इंग्लिश आणि फ्रेंच, पण संस्कृती अधिकृत अशी कुठलीच नाही, असा त्याचा सूर होता. ऐकायला छान. पण सीबीसी हे सरकारी चॅनेल इंग्लिश आणि फ्रेंचमध्येच चालायचं, त्यामुळे पोर्तुगीज, ग्रीक किंवा हिंदी बोलणाऱ्या घरात संध्याकाळी टीव्ही लावला तर आपल्या भाषेतलं जवळपास काहीच सापडायचं नाही.

रेडिओवर मात्र सुरुवात झालेली होती. जॉनी लोम्बार्डी यांनी १९६६ मध्ये टोरंटोत चिन नावाचं स्टेशन काढलं होतं आणि तिथे कितीतरी भाषांचे कार्यक्रम लागायचे. टीव्हीचं गणित वेगळं, खर्च कैक पटीने जास्त. तिथे पहिल्यांदा शिरायचा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या चॅनेलवर वेळ विकत घ्यायचा, आपला कार्यक्रम लावायचा आणि आपल्या समाजातल्या दुकानदारांकडून, ट्रॅव्हल एजंटांकडून जाहिराती गोळा करून वसूल करायचं. इथेच डॅन इयानुझी हे नाव येतं. मॉन्ट्रियलला जन्मलेला हा इटालियन कॅनेडियन माणूस १९५४ पासून टोरंटोत ‘कोरिएरे कानादेझे’ हे इटालियन वृत्तपत्र चालवत होता. सप्टेंबर १९७२ मध्ये सिटीटीव्ही हे नवं लोकल चॅनेल सुरू झालं तेव्हा त्यावर इटालियन कार्यक्रम करायला तो पुढे होता. पण भाड्याच्या वेळेचं दुखणं ठरलेलं असतं, चांगला टाइम मालक स्वतःकडे ठेवतो आणि तुम्हाला मिळते रविवारची सकाळ. मग स्वतःचंच स्टेशन का नको?

ब्रॉडकास्टिंगचं नियमन करणाऱ्या सीआरटीसीने १९७८ च्या शेवटी त्याला लायसन्स दिलं आणि ३ सप्टेंबर १९७९ ला, लेबर डेच्या सोमवारी, सीएफएमटी, म्हणजे आजचं ऑम्नी, सुरू झालं. नावाची अक्षरं ‘कॅनडाज फर्स्ट मल्टिलिंग्वल टेलिव्हिजन’ यावरून. हवेतून चॅनेल ४७, म्हणजे यूएचएफ, जे पकडायला अँटेना जरा चांगली लागायची, पण केबलवर ४ नंबर, आणि टोरंटोत तेव्हा केबल घरोघरी पसरलेली असल्यामुळे खरा फायदा त्या ४ नंबरचा होता कारण चॅनेल बदलता बदलता माणूस आपोआप तिथे थांबायचा. गंमत म्हणजे सुरुवातीला हे चॅनेल स्वतःला एमटीव्ही म्हणायचं, मल्टिलिंग्वल टेलिव्हिजन म्हणून. अमेरिकेतलं गाण्यांचं एमटीव्ही त्यानंतर दोन वर्षांनी, १९८१ मध्ये आलं.

कल्पना जबरदस्त होती पण हिशेब बसेना. विचार करा, एका संध्याकाळी अर्धा तास इटालियन, मग अर्धा तास पोर्तुगीज, मग ग्रीक, मग चिनी. इटालियन प्रेक्षक अर्ध्या तासाने टीव्ही बंद करणार किंवा दुसरीकडे जाणार. नेहमीच्या चॅनेलला आठच्या कार्यक्रमाचा प्रेक्षक साडेआठला फुकट मिळतो, इथे दर अर्ध्या तासाला पाटी कोरी. शिवाय प्रेक्षक मोजायच्या सर्व्हेत इंग्लिश न बोलणारी घरं नीट यायची नाहीत, म्हणजे लोक बघतायत हे माहीत असूनही मोठ्या एजन्सीला दाखवायला कागदावर आकडा नाही. साबण, गाड्या, बँका यांच्या जाहिराती मग येणार कशा? उरल्या समाजातल्या छोट्या धंद्यांच्या. सुरुवातीची वर्षं तोट्यात गेली, इयानुझीच्या हातून स्टेशन निसटत गेलं आणि १९८६ मध्ये ते टेड रॉजर्स यांच्या कंपनीने घेतलं. स्वतःचं पहिलं टीव्ही स्टेशन म्हणून एका केबल कंपनीने नेमकं तोट्यातलं बहुभाषिक चॅनेल घ्यावं हे वरवर विचित्र वाटतं. पण टोरंटोसारख्या मार्केटमध्ये नवं लायसन्स मिळणं जवळपास अशक्य होतं, आणि हे तर तयार होतं.

दरम्यान १९८५ मध्ये सीआरटीसीने एथ्निक ब्रॉडकास्टिंगचं धोरण आणलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. नियम साधारण असा की एथ्निक स्टेशनने वेळापत्रकातला किमान ६० टक्के वेळ या समाजांसाठीच्या कार्यक्रमांना द्यायचा. १९९९ मध्ये धोरण सुधारलं तेव्हा ६० टक्के तसंच राहिलं आणि किमान ५० टक्के वेळ तिसऱ्या भाषांमध्ये, म्हणजे इंग्लिश, फ्रेंच आणि तिथल्या मूळनिवासींच्या भाषा सोडून इतर भाषांमध्ये असला पाहिजे असं जोडलं गेलं. सगळ्यांचं लक्ष त्या ६० वर असतं, पण घर चालत होतं उरलेल्या ४० वर.

त्या ४० टक्क्यांत काय लावायचं? अमेरिकन सिरियल! सीएफएमटीवर संध्याकाळी ‘द सिम्पसन्स’ या कार्टूनचे जुने एपिसोड लागायचे आणि टोरंटोत वाढलेल्या एका अख्ख्या पिढीला हे चॅनेल त्यामुळेच माहीत आहे, इटालियनचा एक शब्द न कळताही. यामागे कॅनडाचा एक खास नियमही कामाला यायचा. टोरंटोत सीमेपलीकडच्या बफेलो शहरातली अमेरिकन चॅनेलं केबलवर दिसतात. तोच एपिसोड त्याच वेळी कॅनेडियन चॅनेलवर असेल तर केबलवाल्याला अमेरिकन सिग्नल काढून त्या जागी कॅनेडियन सिग्नल लावावा लागतो, जाहिरातींसकट. म्हणजे अमेरिकन सिरियल घ्यायची, वेळ जुळवायची, आणि दोन्हीकडचा प्रेक्षक आपल्या जाहिरातीला. त्या पैशातून संध्याकाळच्या इटालियन, पोर्तुगीज, कँटोनीज बातम्या निघायच्या, रिपोर्टर आणि कॅमेरा घेऊन टोरंटोत फिरून केलेल्या खऱ्या बातम्या, मायदेशातून आलेली टेप लावून दिली असलं नाही. सिटी हॉलमध्ये काय ठरलं, शाळांच्या बोर्डात काय चाललंय, हे आजीला तिच्या भाषेत कळायचं. त्या कार्टूनमधल्या बार्ट सिम्पसनने पोर्तुगीज बातम्या पोसल्या असं कुणी म्हटलं तर हसू येतं, पण फार चुकीचं नाहीये ते.

बाकीच्या वेळात ब्रोकर्ड पद्धत चालू राहिली, म्हणजे बाहेरचा निर्माता स्लॉट विकत घेणार आणि जाहिराती स्वतः आणणार. कितीतरी छोट्या समाजांचे कार्यक्रम असेच चालले, बहुतेक घरचाच मामला, नवरा कॅमेऱ्यामागे आणि बायको कॅमेऱ्यापुढे टाइप. दर्जा वर-खाली असायचा हे खरंच, पण महिन्याला इतक्या गटांना आणि इतक्या भाषांना जागा द्यायची ही लायसन्सची अट याच लोकांमुळे पुरी व्हायची. पहिल्या दिवसांपासून तिथे असलेल्या मॅडेलिन झिनियाक पुढे चॅनेलच्या वरिष्ठ पदापर्यंत पोचल्या आणि बरीच वर्षं चॅनेलचा चेहरा त्याच होत्या.

नव्वदचं दशक आणि २००० नंतरची काही वर्षं हा सुगीचा काळ. दक्षिण आशियाई आणि चिनी लोकसंख्या इतकी वाढली की एका चॅनेलमध्ये सगळे मावेनात. १६ सप्टेंबर २००२ ला दुसरं स्टेशन निघालं, सीजेएमटी, आणि जुन्याचं नाव ऑम्नी १, नव्याचं ऑम्नी २. ढोबळ वाटणी अशी की युरोपियन, लॅटिन, कॅरिबियन पहिल्यावर आणि आशियाई-आफ्रिकन दुसऱ्यावर. व्हँकुव्हरमध्ये २००३ मध्ये चॅनेल एम नावाचं स्वतंत्र बहुभाषिक स्टेशन आलं होतं, ते २००८ मध्ये रॉजर्सने घेऊन ऑम्नी केलं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये कॅलगरी आणि एडमंटनलाही ऑम्नी सुरू. टोरंटोचं लोकल स्टेशन बघता बघता देशभर पसरलं, आणि ते नेमकं २००८ मध्ये, म्हणजे मंदी दारात उभी असताना.

पुढच्या घसरणीला एकच कारण नाही. एक तर २००५ च्या सुमारास परदेशी चॅनेलं थेट येऊ लागली. इटलीचं राय इंटरनॅशनल कॅनडात दिसावं म्हणून इटालियन समाजाने लाखभर सह्या गोळा केल्या होत्या, सीआरटीसीने आधी नकार दिला, मग धोरण सैल केलं आणि ते आलं. पुढे भारतीय, चिनी, अरबी चॅनेलं पण आली, आणि इंटरनेटवर तर सगळंच. सिनेमे-सिरियलसाठी ऑम्नीवर अवलंबून राहायची गरजच संपली. दुसरं म्हणजे २००७ मध्ये रॉजर्सने सिटीटीव्ही विकत घेतलं. ज्या सिटीवर इयानुझीने इटालियन कार्यक्रम केले तेच आता ऑम्नीचं सख्खं भावंड, २००९ मध्ये दोघं डंडस स्क्वेअरला एका इमारतीत राहायलाही गेले. पण टीकाकारांचं म्हणणं असं की त्यानंतर चांगल्या अमेरिकन सिरियल सिटीला जायला लागल्या आणि ऑम्नीच्या वाट्याला उरलंसुरलं, म्हणजे जो ४० टक्के भाग घर चालवायचा त्यालाच भगदाड. कंपनीचं म्हणणं असं की जाहिरातीचं मार्केटच कोसळलं, त्याला कोण काय करणार. मला वाटतं दोन्ही खरं आहे, फक्त पहिलं कुणीतरी बसून ठरवलेलं होतं आणि दुसरं आपोआप झालेलं.

आकडा बघा. रॉजर्सने स्वतः सांगितल्याप्रमाणे ऑम्नीचं जाहिरात उत्पन्न २०११ मध्ये सुमारे ८ कोटी डॉलर होतं, ते २०१५ मध्ये २.२ कोटींवर येईल असा अंदाज होता. २०१३ मध्ये अल्बर्टा प्रांतातलं, म्हणजे कॅलगरी-एडमंटनचं लोकल प्रॉडक्शन बंद झालं. मे २०१५ मध्ये मोठा घाव बसला, इटालियन, पंजाबी, कँटोनीज, मँडरिन सगळ्या बातम्या एकदम बंद आणि त्याजागी स्टुडिओत बसून केलेले चर्चेचे कार्यक्रम. शंभरावर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. संघटना ओरडल्या, प्रकरण संसदेच्या समितीपुढे गेलं, तक्रारी सीआरटीसीकडे गेल्या, पण तिथून लगेच काही हाती लागलं नाही. आणि त्याच वर्षाच्या शेवटी ऑम्नीवर मँडरिन, कँटोनीज आणि इंग्लिश असं मिश्रण असलेली ‘ब्लड अँड वॉटर’ ही चांगली क्राइम सिरियल सुरू झाली, म्हणजे करायची इच्छा आणि ताकद अगदीच संपली नव्हती!

त्याच पडत्या काळात चॅनेलची सगळ्यात गाजलेली गोष्टही घडली. आइस हॉकीची पंजाबी कॉमेंट्री सीबीसीने २००८ मध्ये सुरू केली होती, पुढे हॉकीचे हक्क रॉजर्सकडे गेल्यावर ती ऑम्नीवर आली. २०१६ च्या स्टॅनली कप या आइस हॉकीतल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या फायनलच्या पहिल्या मॅचला पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल मारला आणि कॉमेंटेटर हरनारायण सिंग यांनी ‘बोनिनो बोनिनो बोनिनो’ असा जो काही सपाटा लावला तो पंजाबी न समजणाऱ्यांनीही जगभर शेअर केला. कप पिट्सबर्गनेच जिंकला आणि त्यांनी नंतर या कॉमेंटेटर मंडळींना आपल्या शहरातल्या सोहळ्याला बोलावलं.

मग पैशाचा तिसरा मार्ग निघाला. मे २०१७ मध्ये सीआरटीसीने ऑम्नी रीजनल नावाच्या सेवेला मँडेटरी कॅरेज दिलं, म्हणजे देशातल्या प्रत्येक केबल आणि सॅटेलाइट कंपनीने हे चॅनेल बेसिक पॅकेजमध्ये द्यायचंच, आणि दर ग्राहकामागे महिन्याला १२ सेंट ऑम्नीला. बदल्यात इटालियन, पंजाबी, कँटोनीज, मँडरिन बातम्या परत चालू करायच्या. १ सप्टेंबर २०१७ पासून हे लागू झालं. लायसन्स फक्त तीन वर्षांचं, आणि सोबत हेही सांगितलं की ही सोय तात्पुरती आहे, पुढच्या वेळी इतरांनाही अर्ज करता येईल. बातम्या आल्या, पण चिनी बातम्यांचं काम रॉजर्सने फेअरचाइल्ड या दुसऱ्या चिनी ब्रॉडकास्टरला देऊन टाकलं, त्यावर युनिफॉर या कामगार संघटनेने आक्षेप घेतला की अनुदान स्वतःच्या न्यूजरूमसाठी घेता आणि बातम्या बाहेरून आणता हे कसं काय. आक्षेप मला तरी पटतो.

२०१९ मध्ये बाकीच्या अर्जदारांना बाजूला ठेवून सीआरटीसीने परत ऑम्नीलाच निवडलं, सप्टेंबर २०२० पासून दर १९ सेंट. अर्थात हे १९ सेंट येतात ते केबल आणि सॅटेलाइटच्या ग्राहकांकडून, आणि कॅनडात केबल तोडणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढतीये. त्यामुळे पुढच्या प्रत्येक सुनावणीत दर किती हा प्रश्न असेलच, पण तो गुणायचा किती घरांशी हा त्याहून मोठा.